लाइट मजेंटाची वाट बघताना

चेहरा हिरवट आला की माझ्या पोटात गोळाच येतो. प्रिंटरमधून फोटो हळूहळू बाहेर येत असतो, आधी कपाळ, मग कुंकू, मग डोळे, आणि गालापर्यंत आला की कळतं काहीतरी चुकलंय, कातडीचा रंग कावीळ झाल्यासारखा, आणि लाईटखाली धरून बघितलं तर त्यात केसासारख्या बारीक रेघा. लाइट मजेंटा, म्हणजे फिका गुलाबी रंग, गेला. रोज फोटो छापणारा कुणीही एका नजरेत सांगेल.

आमच्या सहा रंगांच्या प्रिंटरमध्ये काळा, सायन म्हणजे निळा, मजेंटा म्हणजे गडद गुलाबी, आणि पिवळा हे चार तर असतातच, त्याशिवाय लाइट सायन आणि लाइट मजेंटा असे दोन फिके रंग असतात, आणि माणसाचा चेहरा जो चेहऱ्यासारखा दिसतो तो या फिक्या दोघांमुळे. गालावरचा गुलाबीपणा गडद मजेंटाच्या तुरळक ठिपक्यांनी काढायला गेलं तर ठिपके डोळ्याला दिसतात, तेच फिक्या शाईचे भरपूर ठिपके जवळजवळ पडले की ते मिसळून जातात. साडीत नाहीतर आभाळात थोडा फरक पडला तर गिऱ्हाईक बोलत नाही. चेहऱ्यात नाही चालत. घरातल्या माणसाला लगेच कळतं की हे आमचे आप्पा नाहीत.

आमचा स्टुडिओ सांगलीत, विश्रामबागेच्या बाजूला. अण्णांनी सुरू केलेला, आता बरीच वर्षं मी बघते. पासपोर्ट, आधार, कॉलेजच्या ॲडमिशनचे फोटो हे रोजचं काम, लग्नाचे अल्बम आता बाहेरून छापून येतात, पण एक काम असं आहे की जे आजही माणसं आमच्याकडेच घेऊन येतात, ते म्हणजे गेलेल्या माणसाचा मोठा फोटो. दहाव्याला लागतो, तेराव्याला लागतो. कुणीतरी मोबाईल पुढं करतं, त्यात लग्नातल्या घोळक्यात एका कोपऱ्यात उभी असलेली आई असते, तिला त्या घोळक्यातून वेगळी काढायची, मागचं मंडपाचं कापड घालवायचं, आणि १२ बाय १८ करून द्यायची, उद्या सकाळपर्यंत. तो फोटो पुढं वीस-पंचवीस वर्षं त्या घराच्या भिंतीवर राहणार असतो, रोज त्याला उदबत्ती लागणार असते. म्हणून प्रिंटरचं हेड, म्हणजे कागदावर शाईचे थेंब उडवणारा भाग, तुंबणं ही गोष्ट मला कधी किरकोळ वाटली नाही. आणि तिच्याबद्दल मला जे काही शिकायला मिळालं ते एकदा नीट लिहून ठेवावं असं किती दिवस मनात होतं.

आधी हेड म्हणजे काय ते सांगते, कारण आत काय चाललंय ते माहीत नसेल तर माणूस हमखास चुकीचं काहीतरी करतो. घरातला गॅसचा लायटर घ्या, जो खटकन दाबला की ठिणगी पडते. त्याच्यात एक स्फटिक असतो, त्याच्यावर दाब पडला की वीज तयार होते. पिअर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० साली हे दाखवून दिलं होतं, पिझोइलेक्ट्रिक म्हणतात त्याला. आता हेच उलटं करायचं, त्या स्फटिकाला वीज द्यायची, की तो किंचित वाकतो, आणि वाकताना शेजारच्या शाईला ढकलतो, एक थेंब उडतो. एप्सन आणि ब्रदरचे प्रिंटर असे चालतात. कॅनन आणि एचपीची रीत वेगळी, तिथे शाईला क्षणभर तापवतात, वाफेचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर फेकतो. त्याची गोष्ट अशी सांगतात की १९७७ साली कॅननच्या लॅबमध्ये शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून गरम सोल्डरिंग आयर्न लागलं आणि सुईतून शाई उडाली, त्यावरून बबलजेट सुचलं. सिरिंज हा शब्द लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

फरक काय पडतो, तर एचपीच्या बऱ्याच कार्ट्रिजना हेड कार्ट्रिजलाच चिकटलेलं असतं, कार्ट्रिज बदललं की हेडही नवं. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये हेड काढून हातात घेता येतं, धुता येतं. माझ्याकडचा आहे पिझो जातीचा, त्यात हेड मशीनमध्येच बसवलेलं, ते मशीनबरोबर जन्मभर राहायचं असंच धरून चालायचं. एका रंगाला ९० छिद्रं, सहा रंगांची ५४०. त्या छिद्रांची रुंदी आपल्या डोक्याच्या केसापेक्षा कितीतरी कमी, आणि सगळ्यात लहान थेंब दीड पिकोलिटरचा. दीड पिकोलिटर म्हणजे किती हे कळावं म्हणून मी एकदा हिशोब केला होता, एका मिलीलिटर शाईत असे ६६ कोटींच्या वर थेंब होतात. आता एवढ्या बारीक भोकाच्या तोंडाशी शाई उघडी राहिली आणि तिच्यातलं पाणी उडून गेलं तर काय होईल ते सांगायला नको. शाईत बहुतांश पाणीच असतं, रंग असतो, आणि लवकर वाळू नये म्हणून ग्लिसरीनसारखं काहीतरी ओलावा धरून ठेवणारं असतं. पाणी गेलं की मागं उरतो तो काकवीसारखा चिकट गोळा. आधी चिकट, मग कडक.

म्हणूनच प्रिंटर काम संपलं की हेड उजव्या बाजूला नेऊन एका छोट्या रबरी वाटीवर दाबून बसवतो. तिला कॅप म्हणतात. हे मला कायम हरिपूरच्या पेवांसारखं वाटतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल खड्डे करून त्यात हळद साठवायची पद्धत होती, तोंड असं बंद करायचे की आत हवा जायची नाही, आणि हळद वर्षानुवर्षं टिकायची. सगळा भरवसा त्या तोंडावर. २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी पेवं पाण्यानं गेली. कॅपचंही तसंच आहे, रबराची कड स्वच्छ आणि मऊ असली तर हेड आठवडाभर ओलं राहतं, त्या कडेवर वाळलेल्या शाईचा थर बसला की बारीक फट राहते, आणि फटीतून रोज थोडं थोडं वाळत जातं. लोक हेडला दोष देतात, पण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा चूक कॅपच्या कडेत सापडली.

आणि लाईट. आमच्याकडे लोडशेडिंगच्या दिवसांत छपाई चालू असताना लाईट गेली की हेड जिथं असेल तिथं उघडंच अडकून पडायचं, मे महिन्यात, चाळीस डिग्रीत, वर पंखा. दोन तासांनी लाईट यायची. आता इन्व्हर्टर आहे, पण अजूनही कितीतरी दुकानांत मी बघते, रात्री जाताना भिंतीवरचं बटण खटकन बंद करतात, प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबतच नाहीत. कृपा करून असं करू नका. प्रिंटरच्याच बटणानं बंद केला की तो आधी हेड कॅपवर नीट बसवतो आणि मग झोपतो. भिंतीवरून बंद केला तर त्याला ती संधीच मिळत नाही.

आमचं पहिलं दुकान मार्केट यार्डाच्या जवळ होतं, भाड्याचं. हळदीचा सीझन सुरू झाला की हवेतच पिवळी धूळ असायची, काउंटरवर बोट फिरवलं की बोट पिवळं. ती प्रिंटरच्या आतही जायची. वायपर म्हणून एक रबराची पट्टी असते, हेडचा तळ पुसणारी, तिच्यावर शाई आणि धूळ मिळून एक करडा लगदा जमायचा आणि मग ती पट्टी पुसायच्या ऐवजी तोच लगदा छिद्रांवर सारवायची. तेव्हा मला हे कळत नव्हतं. मला वाटायचं शाई खराब आली.

आता ज्या गोष्टीचं अजून वाईट वाटतं ती सांगते. २०१४ च्या मे महिन्यात मामेबहिणीच्या लग्नाला गावाला गेलो, दहा दिवस दुकान बंद. आल्यावर नोझल चेक काढला. नोझल चेक म्हणजे प्रिंटर प्रत्येक छिद्रातून एक बारीक रेघ मारतो, पायऱ्या पायऱ्यांची नक्षी येते, जिथं पायरी गायब तिथलं छिद्र बंद. पिवळ्यात आणि काळ्यात मोठी भगदाडं होती. बाहेर गिऱ्हाईक बसलेलं, मी क्लिनिंग मारलं, फरक नाही, परत मारलं, परत, असं करत बाराएक क्लिनिंग मी एका सकाळी केली असतील. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की क्लिनिंग म्हणजे खालचा पंप कॅपमधून शाई ओढतो, ती सगळी शाई मशीनच्या तळातल्या स्पंजमध्ये जाते, आणि एकामागून एक ओढत राहिलं तर शाईच्या वाटेत हवा शिरते, जे चालू होतं तेही बंद पडायला लागतं. माझं तेच झालं. सायनही गेला.

मग एका ओळखीच्यानं सांगितलं, सिरिंजनं सोल्युशन मार, धक्का दिला की निघतं. मी पाइप काढून हेडच्या नळीला सिरिंज लावली आणि अंगठ्यानं जोर लावला. आधी काही हललं नाही, मग एकदम काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि अंगठा आत गेला. मला आनंद झाला. परत जोडून छापलं तर पिवळ्याच्या जागी हिरवट काळपट येत होतं, म्हणजे आतले पडदे एकमेकांपासून सुटले होते, एका रंगाची शाई दुसऱ्याच्या घरात जात होती. ते हेड मी स्वतःच्या हातानं फोडलं होतं. हेड बदलायचा खर्च ऐकून शेवटी नवीन प्रिंटरच घेतला, आणि त्या दिवशी दहाव्याचा एक फोटो होता, तो मला दुसऱ्या स्टुडिओतून छापून आणून द्यावा लागला.

अण्णा तेव्हा काही बोलले नाहीत. पाच वर्षांनी बोलले, आणि तेही प्रिंटरबद्दल नाही.

२०१९ चा ऑगस्ट. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्याकडं पाणी आलं नाही, पण गावभाग, टिळक चौक, हरभट रोड, सगळं पाण्यात. पाणी उतरल्यावर लोक चिखल काढायला घरी गेले आणि मग आठवडाभरानं एकेक जण आमच्याकडं यायला लागला, पिशवीत अल्बम. ओला, फुगलेला, चिखलाचा वास मारणारा अल्बम, आणि त्यातले फोटो एकमेकांना घट्ट चिकटलेले. काहींनी घाईनं ओढून वेगळे करायचा प्रयत्न केला होता, तिथं एका फोटोचा चेहरा उपटून दुसऱ्याच्या पाठीला लागलेला.

अण्णांनी जुन्या डार्करूममधले ट्रे माळ्यावरून खाली काढायला लावले, मोठे लाल आणि पांढरे, एकेकाळी फोटो धुवायच्या रसायनांचे, डेव्हलपर आणि हायपोचे. त्यात स्वच्छ गार पाणी भरलं आणि चिकटलेले गठ्ठे त्यात सोडले. जुने लॅबचे फोटो म्हणजे कागदावर जिलेटिनचा थर, तो वाळताना गोंदासारखा चिकटतो आणि पाण्यात परत फुगून मऊ होतो. मी एक कोपरा उचलून बघायला गेले तर अण्णांनी हात धरला. म्हणाले, "ओढू नको गं. भिजू दे की त्याला. सुटायचा झाला की आपणच सुटतोय." तासाभरानं पाणी बदलायचं, परत थांबायचं. पण कितीही वेळ ठेवायचं असंही नाही, दोन दिवसांच्या आत बाहेर काढायचे, नाहीतर सगळा थरच कागदावरून सुटून येतो. ज्यांचा नंबर लगेच लागणार नव्हता ते गठ्ठे प्लास्टिकच्या पिशवीत घालून शेजारच्या डेअरीच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवले, म्हणजे बुरशी लागत नाही. आम्ही दोघांनी तीन आठवडे दुसरं काही केलं नाही.

त्या वेळी एक गोष्ट बघितली ती मनाला लागली. १९८०-९० च्या सालातले लॅबचे फोटो पाण्यातून वाचत होते, आणि मी स्वतः इंकजेटवर छापून दिलेले फ्रेममधले फोटो गेले होते. आमची शाई डायची, म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला, आणि चार दिवस पाण्याखाली राहिल्यावर तो परत पाण्यातच गेला. गावभागातल्या एका काकींनी त्यांच्या मिस्टरांचा फोटो आणला होता. काका जूनमध्ये वारले होते, दहाव्याचा फोटो मीच छापलेला. काचेच्या आत आता नुसते निळे-तांबूस ओघळ होते, टोपीचा पांढरा भाग तेवढा ओळखू येत होता. काकी रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ह्यांना दोनदा न्हेलं बघ पाण्यानं, एकदा अस्थी सोडल्या तवा, आन एकदा हे."

नशिबानं त्यांच्या भिजलेल्या अल्बममध्ये काकांचा एक जुना लॅबचा फोटो होता, पस्तिशीतला, सायकलला हात लावून उभे. तो अण्णांनी ट्रेमध्ये सोडवला, मी स्कॅन करून ठेवला. काकी म्हणाल्या आत्ता छापू नको, भिंती ओल्या आहेत, रंग दिला की सांगते.

घरांच्या ओल्या भिंती वाळायला किती दिवस लागले ते गावभागाला माहीत आहे. रंग द्यायला मार्च उजाडला, आणि मार्चमध्ये लॉकडाऊन. आमच्याच जिल्ह्यातल्या इस्लामपूरला करोनाचे पेशंट सापडल्याच्या बातम्या यायला लागल्या, सगळ्यांच्याच मनात भीती, दुकानाचं शटर जे खाली गेलं ते जूनमध्येच वर गेलं. सव्वादोन महिने, तेही एप्रिल-मे, आणि प्रिंटर आत बंद. मला रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या कॅपची आठवण यायची.

शटर उघडलं त्याच आठवड्यात काकींचा फोन आला. काकांचं वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलंय, भिंतीला रंग दिलाय, फोटो कर. मी हो म्हणाले आणि नोझल चेक काढला. काळा निम्मा. पिवळा बरा. सायन, मजेंटा अधूनमधून. लाइट मजेंटाच्या जागी कागद कोरा, एक पायरी नाही.

दोन क्लिनिंग केली, दोन्हीच्या मध्ये नोझल चेक. काळा थोडा सुधारला, लाइट मजेंटा तसाच. इथं मी थांबले. हात परत त्या बटणाकडं जात होता, खोटं का सांगू, पण थांबले. काकींना फोन करून सांगितलं की मशीन अडलंय, तीन-चार दिवस लागतील, घाई असेल तर दुसरीकडं करून देते. त्या म्हणाल्या, "अजून आठ दिवस हाईत की बाळ. सावकाश कर."

पहिल्यांदा कॅप बघितली. कडेवर काळी साय धरली होती. इअरबडला कापूस सुटतो म्हणून स्पंजवाली काडी वापरली, कोमट पाण्यात बुडवून कड चारही बाजूंनी फिरवून फिरवून पुसली, पाच-सहा काड्या काळ्या झाल्या तेव्हा रबर दिसायला लागलं. वायपरही तसाच पुसला. मग कॅपमध्ये ड्रॉपरनं पाणी भरलं आणि क्लिनिंग दिलं, हे बघायला की पंप पाणी ओढतोय का. वाटी रिकामी झाली तर पंप आणि नळी ठीक. पाणी तसंच राहिलं तर हजार क्लिनिंग करून उपयोग नाही, कारण खालून ओढच नाही. आमची वाटी रिकामी झाली. म्हणजे दोष वर, छिद्रांत.

पाणी कुठलं घ्यायचं हे फार महत्त्वाचं आहे. आमच्या बोअरचं पाणी खारट, बादलीवर पांढरे डाग पडतात, तेच क्षार त्या छिद्रांत वाळले तर आणखी एक बूच. फिल्टरचंही नको. डिस्टिल्ड पाणी घ्या, नाहीतर मेडिकलमध्ये इंजेक्शनसाठीचं निर्जंतुक पाणी मिळतं, छोट्या ॲम्प्युलमध्ये, ते उत्तम. स्पिरिट, थिनर असलं काही लावू नका, काही शायांचा त्यानं उलट घट्ट गोळा होतो आणि हेडमधले गोंदही सुटतात. डाय शाईला पाणी पुष्कळ झालं. पिगमेंट शाई म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक कण, ते वाळले की नुसत्या पाण्याला दाद देत नाहीत, त्याला क्लिनिंग सोल्युशन लागतं. चहाच्या कपांवर, मगांवर फोटो छापणारे सब्लिमेशनची शाई भरतात, तीही कणांचीच, तिचा प्रिंटर तर एक दिवसही रिकामा ठेवू नये.

संध्याकाळी प्रिंटर चालू करून हेड कॅपवरून हलल्या हलल्या वायर काढली, म्हणजे हेड हातानं सरकवता येतं. चष्मा पुसायच्या कापडाची, ज्याची लव सुटत नाही अशा कापडाची, दोन बोटं रुंद पट्टी केली, घडी घातली, कोमट पाण्यानं ओली केली, पाणी टपकायचं नाही इतकीच ओली, आणि हेडच्या वाटेत ठेवून हेड हळूच तिच्यावर आणलं. वरून काही दाबलं नाही. झाकण बंद. अण्णा मागं खुर्चीत बसले होते, म्हणाले, "आता घरी चल."

सकाळी पट्टी काढली. ते दृश्य मी विसरणार नाही. ओल्या पांढऱ्या कापडावर शेजारी शेजारी उभे डाग उतरले होते, काळा, पिवळा, निळा, गडद गुलाबी, फिका निळा, कडा एकमेकांत पसरलेल्या, रांगोळीच्या रंगांवर पाणी सांडल्यासारख्या. आणि एका जागी कापड पांढरंच. तिथं लाइट मजेंटा हवा होता.

नवी पट्टी. परत रात्रभर. दुसऱ्या सकाळीही पांढरंच, फक्त उजेडात तिरकं धरल्यावर कडेला काहीतरी आहे असं वाटलं, मग वाटलं की आपल्याला हवं म्हणून दिसतंय. त्या दिवशी मी पाण्याच्या ऐवजी चांगल्यापैकी क्लिनिंग सोल्युशन वापरलं, दिवसातून दोन वेळा पट्टी बदलली, आणि एकदाही बटण दाबलं नाही. तिसऱ्या सकाळी अण्णांनी आधी झाकण उघडलं. मी रिक्षातून उतरत होते तर ते दारात उभे, पट्टी दोन बोटांत धरलेली, आणि त्या पांढऱ्या जागी गुलाबाच्या पाकळीच्या देठाकडचा रंग असतो ना, तेवढा, अगदी तेवढाच गुलाबी डाग. अण्णा म्हणाले, "सुटतंय बघ."

मग एक क्लिनिंग. नोझल चेकवर लाइट मजेंटाच्या एकवीस पायऱ्या आल्या, मी मोजल्या. आता त्याला नुसतं वाहतं ठेवायचं होतं, म्हणून पूर्ण पान फक्त लाइट मजेंटाचं छापलं, साध्या कागदावर. पानभर रेघा रेघा. दुसरं पान, रेघा कमी. मग सहा तास विश्रांती, कारण सुटलेले बारीक बुडबुडे वर चढायला वेळ लागतो. इथं एक बारकावा सांगते, तुटलेल्या पायऱ्या दर वेळी त्याच जागी असतील तर तिथं शाई वाळलीय, आणि दर वेळी जागा बदलत असतील तर ते वाळलेलं नाही, तिथं हवा आहे नाहीतर शाई कमी पोचतेय, त्याला भिजवून काही होणार नाही, नुसतं थांबावं लागतं आणि टाकीतली पातळी बघावी लागते. आमच्या पायऱ्या आता जागा बदलत होत्या. म्हणजे वाट मोकळी झाली होती.

चौथ्या दिवशी दुपारी ९० च्या ९० आल्या.

काकांचा फोटो मी लगेच नाही छापला. आधी पोस्टकार्ड साइजवर एकदा छापून बाहेर उन्हात नेऊन बघितला, मग ट्यूबलाइटखाली, कारण काकींच्या हॉलमध्ये ट्यूब आहे. मग १२ बाय १८. कपाळ आलं, टोपी आली, डोळे आले. गालावर मी श्वास धरला. पस्तीस वर्षांच्या माणसाचा उन्हातून आलेला गाल, सायकलवरून उतरल्यावर होतो तसा. या वेळी कागदावर लॅमिनेशनची फिल्मही चढवून दिली, आणि फाइलची एक पेनड्राइव्ह वेगळ्या पाकिटात. काकी मास्क लावून, पदर घेऊन आल्या होत्या, फोटो दोन्ही हातांत धरून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ऊन हाय बघ ह्यांच्या तोंडावर."

तेव्हापासून माझ्या काही सवयी झाल्या आहेत. सकाळी शटर वर केलं, देवाला उदबत्ती लावली की पहिला नोझल चेक, गिऱ्हाईक यायच्या आत. अण्णा १९९० च्या सुमाराला मिरजेच्या एका कलर लॅबमध्ये होते, तिथं रोज सकाळी मशीनमधून आधी कंट्रोल स्ट्रिप काढायचे, केमिकल ठीक आहे का ते बघायला, आणि ती बघितल्याशिवाय गिऱ्हाईकाचा एकही रोल आत सोडायचे नाहीत. त्यांना नोझल चेकचा कागद दिसला की ते अजून कंट्रोल स्ट्रिपच म्हणतात. काम नसलं तरी दोन-तीन दिवसांतून सहा रंगांच्या सहा पट्ट्यांचं एक पान छापते, तेवढ्या शाईची किंमत एका क्लिनिंगपेक्षा कमी पडते. महिन्यातून एकदा कॅपची कड आणि वायपर. उन्हाळ्यात प्रिंटरशेजारी पाण्याची वाटी आणि पंख्याचं तोंड दुसरीकडं. पावसाळ्यात फोटो पेपरचं पाकीट उघडं ठेवत नाही, दमट हवेत कागदाचे कोपरे उचलतात आणि तो कोपरा पळत्या हेडला घासला तर कागदाची लव थेट छिद्रांत जाते. शाई टाकीच्या खालच्या रेघेखाली जाऊ देत नाही, बाटली फोडली की त्यावर तारीख लिहिते आणि सहा महिन्यांत संपवते. आणि गावाला जायचं असेल तर किल्ली दुकानातल्या पोराकडं, त्याला एवढंच काम, एका दिवसाआड ते सहा पट्ट्यांचं पान काढ आणि मला फोटो पाठव. तो पाठवतो, खाली लिहितो, ताई सगळे हाईत.

त्या तीन सकाळच्या तीन पट्ट्या अण्णांनी वाळवून ठेवल्या आहेत, काउंटरच्या काचेखाली, नवीन पोराला दाखवायला. तिसरीवरचा गुलाबी डाग आता उडत चाललाय, डायच तो, उजेडात राहिला की फिका पडणारच. परवा अण्णांनी काच उचलून ती तेवढी पट्टी बाजूला काढली आणि जुन्या फोटो पेपरच्या काळ्या पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवली.